इंडक्शन शेगडीतील इलेक्ट्रॉनिक बिघाड कसा ओळखावा?

गॅसची शेगडी बिघडली की ते डोळ्यांना दिसते किंवा नाकाला कळते. इंडक्शन शेगडी मात्र बारीक आवाज करते, 'ई-१' किंवा 'ई-३' असे एखादे चिन्ह दाखवते आणि गप्प होते. हे चिन्ह म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो महागात पडतो. आतल्या मायक्रोकंट्रोलरला केवळ दाब, प्रवाह आणि तापमान यांची मोजमापे कळतात. त्यांपैकी एखादे मर्यादेबाहेर गेले की तो चिन्ह दाखवितो. ते का गेले, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय एकाच चिन्हाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. म्हणून शेगडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका रद्दीत टाकू नये.

शेगडी उघडण्यापूर्वी बाहेरची कारणे तपासावीत. पहिले कारण वीजपुरवठ्याचे. घरगुती दाब २३० व्होल्ट, त्यात ६ टक्के कमीअधिक, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट असणे अपेक्षित आहे. मोजणी शेगडी बंद असताना आणि पूर्ण क्षमतेने चालू असताना, अशी दोनदा करावी. २,००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेते. तिला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. अनेक घरांत ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्जन प्लग लावून चालविली जाते. असा सॉकेट तापतो, त्याच्या पट्ट्या सैल होतात, दाब घसरतो आणि दोष मात्र शेगडीच्या माथी येतो.

दुसरे कारण भांड्याचे. ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटत नाही, ते साध्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही. तांब्या-पितळेची भांडी आणि जुने अ‍ॅल्युमिनियमचे कुकर यांवर 'भांडे नाही' असा इशारा येणे हा बिघाड नव्हेच. ज्वारीच्या भाकरीसाठी लोखंडी तवा ठेवला, तर शेगडी मध्येच बंद पडते, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. पातेल्यात पाणी असले की बुडाचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहते. कोरडा तवा त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि काचेखालचा थर्मिस्टर प्रवाह तोडतो. तेही शेगडीचे योग्यच वर्तन आहे.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. शेगडीच्या आतील पंख्याला तीच तापलेली हवा मिळते. यंत्रमागांच्या शेजारच्या वस्त्यांत हवेतले सुताचे तंतू आणि फोडणीची वाफ यांचा चिकट थर पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर बसतो. अतितापाचे चिन्ह दाखविणाऱ्या शेगडीची जाळी आणि पंखा आधी मऊ ब्रशने स्वच्छ करावा. ऊब शोधत आत शिरणारी झुरळे हा आणखी एक शत्रू. सर्किट बोर्डावर मेलेले एक झुरळसुद्धा शॉर्टसर्किट घडवू शकते. वरच्या काचेला तडा गेला असेल, तर वापर तत्काळ थांबवावा. सांडलेले पाणी थेट वीजवाहक भागांवर उतरते.

यापुढील तपासणी जाणकार तंत्रज्ञानेच करावी. आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. प्लग काढून थोडा वेळ थांबावे आणि दाब शून्यावर आल्याचे मीटरवर पाहूनच हात घालावा.

तापमानाचे चिन्ह येत असल्यास प्रथम थर्मिस्टर मोजावा. बहुतेक शेगड्यांत काचेखाली बसविलेला थर्मिस्टर २५ अंशांना १०० किलोओहम असतो, मात्र तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. उन्हाळ्यातील ४० अंशांच्या खोलीत तो ५० ते ५५ किलोओहम दाखवील. तेवढ्यावरून त्याला खराब ठरवू नये. रोध शून्य किंवा अनंत येणे, अथवा बोटांची ऊब देऊनही आकडा न हलणे, ही खऱ्या दोषाची खूण होय.

शेगडी पूर्णपणे निपचित पडली असेल आणि फ्यूज काळा पडला असेल, तर नवा फ्यूज घालून पाहण्याचा मोह टाळावा. फ्यूज क्वचितच आपणहून जातो. ब्रिज रेक्टिफायर, आयजीबीटी आणि पुरवठ्याच्या बाजूचा व्हॅरिस्टर हे तिन्ही तपासावेत. आयजीबीटीचे कलेक्टर व एमीटर दोन्ही दिशांनी शॉर्ट दाखवीत असल्यास तो गेला असे समजावे. नुसता तोच बदलून शेगडी परत केली, तर ती आठवड्याभरात पुन्हा दुकानात येण्याचा संभव असतो. त्याच्या नाशाचे मूळ अनेकदा कॉइलच्या जोडीला असलेल्या ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपासच्या कपॅसिटरमध्ये किंवा गेटला संकेत देणाऱ्या ड्रायव्हर भागात असते. कपॅसिटरचे मूल्य त्यावरील छापील आकड्यापेक्षा स्पष्टपणे उतरले असेल, तर तो बदलावा. 'पूर्ण बोर्डच बदला' हा सल्ला या चार भागांची मोजणी झाल्याशिवाय ग्राहकाने स्वीकारू नये.

दुरुस्तीनंतर शेगडी थेट पुरवठ्यावर न लावता १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून लावावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला किंवा विझला, तर सरळ शॉर्ट उरलेला नाही. तो पूर्ण प्रकाशाने तेवत राहिला, तर दोष अजून आतच आहे. या चाचणीत भांडे ठेवून शेगडी तापविण्याचा प्रयत्न करू नये. बल्बमुळे दाब घसरतो आणि शेगडी कमी दाबाचे चिन्ह दाखविते.