अब्बांचा दाढीचा ब्रश

आमच्या न्हाणीच्या कोनाड्यात अब्बांचा दाढीचा ब्रश असे. लाल मुठीचा, आखूड केसांचा. अब्बा मराठी शाळेत मास्तर होते. एक दिवसाआड पितळी वाटीत कोमट पाणी घेऊन ते ब्रश त्यात बुडवून ठेवत आणि तोवर वर्तमानपत्र वाचत. मुठीवर इंग्रजीत 'प्युअर ब्रिसल' अशी अक्षरं होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मी सहज शब्दकोश उघडला. ब्रिसल म्हणजे डुकराचा राठ केस. शब्दकोश मिटला. अब्बांना सांगायचं की नाही, हे ठरवायला मला आठ दिवस लागले.

तेव्हापासून या केसाचं कुतूहल मात्र मनात राहिलं, आणि पुढे मिळेल ते मी वाचत गेलो.

डुकराच्या अंगावरचा सगळा केस सारखा नसतो. मानेवरचा आणि पाठीच्या कण्यावरचा केस सर्वांत लांब आणि ताठ, कुशीवरचा आखूड आणि नरम. मुळाशी जाड, पुढे निमुळता, आणि टोकाला फाटे फुटलेले. या फाट्यांतच साबणाचा फेस किंवा रंगाऱ्याचा रंग धरून राहतो. म्हणून चांगला कारागीर टोकाला कात्री लावत नाही, मापाला छाटायचं ते मुळाकडून. हा केस पाणी पितो आणि नरम पडतो. अब्बा ब्रश भिजत का ठेवत, ते मला तेव्हा कळलं. वापरून वापरून टोकं आणखी फाटतात, म्हणून जुना ब्रश गालाला नव्यापेक्षा मऊ लागतो.

लांबीचा हिशेब याहून गमतीचा आहे. जाडी तीच ठेवून केस सव्वापट लांब केला, तर त्याचा ताठपणा जवळपास निम्म्यावर येतो. आखूड केसांचा ब्रश टोचतो, पण कडक साबणाच्या वडीवरून फेस चटकन उचलतो. लांब केसांचा ब्रश गालावर छान पसरतो, पण वडीवर वाकतो. व्यापारातही पाव पाव इंचाच्या फरकाने केसाची प्रतवारी होते. केस जितका लांब, तितका भाव जास्त.

या पाव इंचासाठी देशांनी धावपळ केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी जगाला हा केस मुख्यतः चीन पुरवत असे. चुंगकिंगच्या गू गेंगयू यांचा वाघ छाप माल तर परदेशात नावाजलेला होता. युद्धात जहाजांना, विमानांना रंग द्यायला लांब केसांचे ब्रश हवे होते. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेशचा रस्ता तोडला. मग आसामातून हिमालयावरून चीनकडे पेट्रोल आणि दारूगोळा नेणारी विमानं परतताना टंगस्टन, कथील आणि डुकराचे केस घेऊन येत. नायलॉनच्या केसांचा दात घासायचा ब्रश अमेरिकेत 1938 मध्येच बाजारात आला होता, पण रंगाच्या ब्रशात खऱ्या केसाची जागा त्याला लगेच घेता आली नाही.

आपल्याकडे या धंद्याचं गाव म्हणजे कानपूर. इंग्रजी अमदानीत तिथल्या खटिक समाजाने हा व्यापार हाती घेतला, माल थेट लंडनपर्यंत पोचवला, आणि त्यांतल्या काही घरांनी चांगला पैसा कमावला. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातांनी निवडलेला केस साहेबाच्या ब्रशात बसत होता.

आठव्या दिवशी मी अब्बांना सांगितलं. त्यांनी गालावरचा फेस टॉवेलने पुसला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "हिदायात मोच्याला याची मुभा दिलेली आहे, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. बाराव्या शतकातला मर्गीनानींचा तो ग्रंथ अब्बांच्या वाचनात होता. मोची मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकाला हा केस वळून बसवत. भोकातून आरपार जाण्याइतका ताठ, वळणावर वाकेल इतका लवचीक. सुईचं काम तो करी. जोडा शिवायला दुसरा इलाज नाही, म्हणून गरजेपुरती परवानगी. विक्रीला मात्र नाही.

"पण मी मोची नाही," अब्बा म्हणाले. "माझी कसली गरज?"

अर्धी दाढी त्यांनी बोटांनी साबण लावून पुरी केली. त्याच संध्याकाळी नायलॉनचा ब्रश आणला. जुन्या ब्रशाचं काय झालं, मी विचारलं नाही. मी सांगितलं ते बरं केलं की वाईट, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही. इतक्या वर्षांची सवय मी एका शब्दाने मोडली होती.

नायलॉनच्या ब्रशाला भिजत ठेवायची गरज नसते. तरी अब्बा शेवटपर्यंत तो कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून वर्तमानपत्र वाचत बसत. हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)