पाणी नेमकं कुठं मुरतंय?



"यात कुठंतरी पाणी मुरतंय" असं आपण टेंडरबद्दल म्हणतो, सोसायटीच्या हिशोबाबद्दल म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लबाडी येते, पाणी येत नाही. पण मातीच्या पाटानं ज्यानं भरणं केलंय त्याला याचा साधा अर्थ लगेच कळतो.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावर कित्येक पिढ्या फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एका हंगामात एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीनं द्यायचं. वावरात पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, मालकानं हात लावायचा नाही. तरी वरून सोडलेलं सगळं पाणी शेवटच्या वावरात पोचायचं नाही. काही वाटेतच मुरायचं. पाणी कमी आलं की पाट पायी तपासायचा, भोक सापडलं तर बुजवायचं. पाटाची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची. म्हणजे शंका आली की हातात फावडं घेतलं जायचं. आता नुसती शंका उरलीय.

दुसरी गोष्ट. ते मुरलेलं पाणी सगळंच वाया जात नव्हतं. पाटाकाठच्या विहिरींना तेच उतरायचं. जळगावकडे आता ठिबक आलं, पाट गेले, पाण्याची बचत झाली. पण यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात उपसा इतका वाढला की विहिरी खोल गेल्या, मग बोअर आणखी खोल गेले. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा थर आहे, त्यात पाणी चांगलं मुरतं. तापी महापुनर्भरण योजना याच थरात पुराचं पाणी मुरवायला आखलीय. म्हणजे भाषेत जे संशयाचं, तेच आज आपल्याला हवंय.

'जिरवणे'चंही तसंच. सरकार सांगतं, पाणी अडवा, पाणी जिरवा. आपण निवडणुकीत एकमेकांना अडवतो अन् एकमेकांची जिरवतो. पाणी मात्र नाल्यानं तापीत जातं.

तर पावसाआधी बांध नीट करा, विहीर पुनर्भरणाचा खड्डा अन् गाळणी साफ करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर चक्कर मारा. खड्डा रिकामा दिसला तर खुशाल म्हणा, पाणी मुरतंय.

तुमच्या गावात पाटाचे, मोटेचे असे कोणते शब्द अजून बोलण्यात आहेत? खाली लिहा.