मेंढ्या मोजून निद्रेची आराधना : एका समजुतीचा पूर्वेतिहास

झोप येत नसल्यास एकामागून एक कुंपण ओलांडणाऱ्या मेंढ्या मनाशी मोजाव्यात, हा पाश्चात्त्य देशांतील सर्वपरिचित उपाय होय. त्याचे मूळ मेंढपाळांच्या नित्यकर्मात शोधण्याची प्रवृत्ती आढळते. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात ‘यान, टान, टेथेरा’ अशा अंकनामांनी विसाविसांचे गट करून कळप मोजीत, हे खरे. परंतु तेवढ्यावरून निद्रेच्या उपायाची उपपत्ती लागत नाही. कळप मोजणाऱ्याचे हित जागे राहण्यात असते. डुलकी लागून गणती चुकली, तर तोटा त्याचाच.

ग्रंथगत पुरावा निराळीच दिशा दाखवितो. अरागॉनमधील यहुदी पंडित पेत्रुस आल्फोन्सी याने ११०६ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे ‘दिसिप्लिना क्लेरिकालिस’ हा लॅटिन कथासंग्रह रचला. त्यातील एका कथेत चिंतेने निद्रा हरपलेला राजा आपल्या कथेकऱ्याला नेहमीपेक्षा लांब गोष्ट सांगावयास लावतो. कथेकरी २,००० मेंढ्या विकत घेतलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आरंभितो. नदीला पूर आलेला, नाव लहान, एका खेपेस दोनच मेंढ्या मावणार. एवढे सांगून कथेकरीच झोपी जातो! राजा त्याला उठवितो, तेव्हा ‘आधी मेंढ्या पार होऊ द्याव्यात’ असे उत्तर मिळते. तेराव्या शतकाच्या अखेरच्या इटालियन ‘नोव्हेल्लीनो’ संग्रहातही हीच युक्ती आहे. दोन्हीकडे निद्रा हवी आहे ती सांगणाऱ्याला. आणि मोजणे कोठेच नाही.

मोजणी ठळकपणे येते ती सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’मध्ये (भाग पहिला, १६०५). अंधाऱ्या रात्री भयंकर आवाजाने घाबरलेला सांचो आपल्या धन्याला ३०० शेळ्या एकेक करून ग्वादियाना नदीपार नेणाऱ्या गुराख्याची गोष्ट सांगतो आणि पार झालेल्या शेळ्यांचा हिशेब ठेवण्यास बजावतो. धनी हिशेब ठेवीत नाही. त्याबरोबर गोष्टही संपते. येथे उद्देश झोपेचा नव्हे, पहाट होईपर्यंत धन्याला जागच्या जागी अडकवून ठेवण्याचा आहे. मोजणीचा हा प्रसिद्ध प्रसंग जागरणाचा असावा, ही गोष्ट उपेक्षिण्याजोगी नाही.

लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा ‘न संपणाऱ्या कथां’ना २३०० हा क्रमांक आहे. कोठारातून एकेक दाणा नेणाऱ्या चिमण्यांची मराठी गोष्ट याच जातीची. तीतही श्रोता राजाच असतो आणि तोच कंटाळून हार मानतो. दोहोंत देवघेव झाली असे मात्र एवढ्या साम्यावरून म्हणता येणार नाही.

१८०७ साली प्रसिद्ध झालेल्या वर्ड्‌सवर्थच्या निद्राविषयक सुनीतात संथपणे जाणारा कळप आहे. पण कथेकरी उरलेला नाही. राजा व कथेकरी या दोन्ही भूमिका एकाच निद्राहीन माणसाकडे आल्या आहेत, आणि तरीही त्याला झोप लागत नाही. २००२ साली ऑक्सफर्ड येथील ॲलिसन हार्वे व सुझाना पेन यांनी निद्रानाश असलेल्या व्यक्तींवर केलेला प्रयोग या संदर्भात लक्षणीय आहे. एखादे रम्य, शांत दृश्य मनात रंगविणाऱ्यांना, कोणतीही सूचना न मिळालेल्यांपेक्षा लवकर झोप लागल्याचे त्यात आढळले. आल्फोन्सीच्या कथेकऱ्यापाशीही नदी, नाव आणि मेंढ्या एवढे दृश्यच होते. आकडा त्याने एकदाच सांगितला.