बंधारा म्हणजे तलाव नव्हे

तलावातला गाळ काढतो तसा बंधाऱ्याजवळचाही काढावा, पात्र खोल करावे, जमल्यास बंधाऱ्याची उंची वाढवावी, म्हणजे पाणी वाढेल, असे मत बुलढाणा जिल्ह्यात वारंवार ऐकू येते. त्याला अनुभवाचा आधार आहे. तलाव-नाल्यांतला मुरूम महामार्गाच्या भरावाला द्यायचा आणि झालेल्या खोलीत पाणी साठवायचे, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ नितीन गडकरी यांनी देशभर मांडला. तलावांपुरते त्याचे श्रेय द्यायलाच हवे. नदीवरच्या बंधाऱ्याला मात्र तोच न्याय लागू होत नाही.

तलाव पाणी धरून ठेवतो. बंधाऱ्याला पूर पुढे जाऊ द्यावा लागतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पात्र खोल केले की तळात पायरी तयार होते. पूर ती पायरी कुरतडत वर सरकवतो आणि अखेर पाया उघडा पडतो. वरच्या अंगाला पायालगत खोदले, तर झिरपणाऱ्या पाण्याला पायाखालची वाट जवळची होते. उंची वाढवली तर फुगवटा वाढतो आणि पाणी बंधाऱ्याला बगल देऊन काठ फोडू शकते.

यावर म्हटले जाते की, कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की पूर मोकळा होतो. खरे आहे, पण ते पावसाळ्याआधी निघाले तरच. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीवर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बॅरेज, म्हणजे उचलता येणाऱ्या दारांचे बंधारे, झाले. अशा दारांमुळे पाण्यावर ताबा येतो. तरी दार वेळेवर उचलणारा माणूस आणि जादा भार पेलणारे खांब लागतातच.

शिवाय जिल्हा एकजिनसी नाही. घाटावर पैनगंगेच्या खोऱ्यात मुरूम आणि काळा पाषाण. घाटाखाली पूर्णेकाठी खोल गाळाची जमीन आणि खारपाणपट्टा. तिथे बेताल खोदकामाने खारे पाणी उघडे पडू शकते. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद भागात आलेला पूर काठ किती हळवे आहेत ते दाखवून गेला.

म्हणून क्रम असा हवा: आधी पुराचा विसर्ग काढावा, पाया व दोन्ही काठ तपासावेत, खालचे पूल आणि बंधारे हिशेबात धरावेत, पायापासून किती अंतरात खोदायचे नाही ते ठरवावे, दारांची जबाबदारी लेखी नेमावी, मगच यंत्र पात्रात उतरवावे. बंधाऱ्याचा आराखडा नदीच्या पुरावरून ठरला पाहिजे, रस्त्याला किती मुरूम हवा यावरून नव्हे.