कोयता गँग: मुलाने हल्ला केला तर आई-वडिलांना शिक्षा होते का?

अल्पवयीन मुलाने कोयता उगारल्याचा व्हिडिओ फिरू लागला की त्याखाली एक कॉमेंट हमखास दिसते: 'आधी आई-बापाला आत टाका.' राग समजण्यासारखा आहे. पण कायदा तसे करतो का?

कोयता गँग म्हणजे काय?

हे कुठल्या एका टोळीचे नाव नाही. कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या, गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या टोळक्यांना पुण्यात हे नाव पडले. 2022 च्या अखेरीस अशा घटनांची मोठी चर्चा झाली. त्यानंतर कोयता विकत घेणाऱ्यांची नोंद ठेवा, असे पोलिसांनी दुकानदारांना सांगितले.

ग्रामीण भागात मात्र अशी नोंद फारशी उपयोगाची नाही. कराड तालुक्यातील उंब्रजचेच उदाहरण घ्या. पुणे-बंगळूर महामार्गावरचे, तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचे हे गाव उसाच्या पट्ट्यात येते. इथे कोयता हे रोजचे अवजार आहे. ऊसतोड मजुरांमध्ये तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. अशा गावात कोयता दुकानातून आणावा लागत नाही, तो घरातच असतो. रात्री तो जागेवर आहे का, हे फक्त घरच्यांनाच कळू शकते.

18 वर्षांखालील मुलाचे काय होते?

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार 18 वर्षांखालील अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. दोघांपैकी एक महिला असणे बंधनकारक आहे. उंब्रज पोलीस ठाण्याच्या हद्दीतील प्रकरण सातारा जिल्ह्याच्या मंडळाकडे जाते.

गुन्हा 'निर्घृण' असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल आणि मुलाचे वय 16 ते 18 असेल, तर मंडळ त्याच्या समजुतीची प्राथमिक पडताळणी करते. त्यानंतर खटला प्रौढांप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतो. खून या वर्गात येतो. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा ठरलेली नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2020 च्या निकालानुसार तो 'गंभीर' वर्गात राहतो. कोयत्याच्या हल्ल्यात जखमी वाचला तर बहुतेक वेळा प्रकरण मंडळापुढेच का चालते, याचे हे कारण.

मग आई-वडील कुठे येतात?

मुलाने हल्ला केला म्हणून आई-वडील आपोआप आरोपी होत नाहीत. त्यांची स्वतःची कृती किंवा जाणूनबुजून केलेली हेळसांड दाखवावी लागते. मुलाची हेतुपुरस्सर हेळसांड करून त्याला त्रासात लोटल्यास कलम 75 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाच्या हाती दारू किंवा अमली पदार्थ दिल्यास कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

वाहनाच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण रोखण्याची काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला, तेव्हा 17 वर्षांच्या मुलाच्या वडिलांना लगेच अटक झाली. कोयत्यासाठी मात्र असे कलम नाही.

तरीही कायदा घराला मोकळे सोडत नाही:

- मुलाला ताब्यात घेतल्यावर पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवले जाते. हा अधिकारी घर, शाळा, संगत यांची चौकशी करून दोन आठवड्यांत अहवाल देतो.
- जामिनानंतर मूल पुन्हा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असे दिसले, तर मंडळ जामीन नाकारू शकते. टोळीच्या प्रकरणात हा मुद्दा कळीचा ठरतो.
- मंडळ पालकांना दंड भरायला लावू शकते.
- चांगल्या वर्तनाच्या हमीपत्रावर मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी पालकांच्या देखरेखीखाली सोडता येते.

म्हणजे मंडळ शेवटी एकच गोष्ट तपासते: हे घर मुलाला सांभाळू शकते का? उत्तर 'नाही' असेल तर विशेष गृह. तिथला मुक्काम तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

मुलांना वापरणारे 'भाई' सुटतात का?

नाही. अल्पवयीन मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम 83 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 नुसार मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला तोच गुन्हा स्वतः केल्यासारखी शिक्षा होते. मुलगा कोणाच्या सांगण्यावरून गेला, हे पालकांनी पोलिसांना सांगणे म्हणून महत्त्वाचे ठरते. घाबरून ते नाव लपवले तर सगळा भार मुलावरच येतो.

वेळ असतानाच काय करता येईल?

स्टेटसला हत्यारासोबतचा फोटो, कुठून आले ते न सांगता आलेले पैसे किंवा गाडी, शाळा-कॉलेजला सततची दांडी, वयाने बऱ्याच मोठ्या मित्रांचे रात्रीचे फोन. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून मुलगा गुन्हेगार ठरत नाही, पण विचारायची वेळ झालेली असते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असे कायदा सांगतो. गुन्हा घडण्याआधीही त्याच्याशी बोलता येते. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिला पालकही फोन करू शकतात.

व्हिडिओ शेअर करण्यापूर्वी

अशा मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील पसरवणे हा कलम 74 नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'आई-बापाला आत टाका' असे लिहून मुलाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ पुढे पाठवणाराही यात सापडू शकतो.