कृपादान

कृपादान : देवाने केवळ कृपेने, घेणाऱ्याची लायकी न पाहता आणि इतरांच्या हितासाठी दिलेली क्षमता किंवा सोपवलेले काम, अशी या शब्दाची ख्रिस्ती श्रद्धेतील व्याख्या करता येते. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’. ‘खारिस’ म्हणजे कृपा, आणि त्या कृपेतून पदरात पडते ते खारिस्मा. नव्या करारात हा शब्द १७ वेळा येतो. त्यांपैकी १६ ठिकाणे पौलाच्या नावावरील पत्रांत आहेत, एक पेत्राच्या पहिल्या पत्रात. मराठी बायबलने रूढ केलेला ‘कृपादान’ हा प्रतिशब्द फार नेमका आहे, कारण त्यात देणारा आधी दिसतो आणि घेणारा मागाहून. मंडळ्यांतल्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘देणगी’, ‘दान’, ‘टॅलेंट’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. बोलण्यापुरते ते चालते, पण त्यातूनच एक समजूत घट्ट झाली आहे : कृपादान हा माणसाच्या आत दडलेला गुण असून आधी तो शोधायचा, मग वापरायचा. नव्या करारातला पुरावा याच्या उलट दिशेने जातो. तिथे आधी कोणाची तरी गरज दिसते, मग कोणीतरी हात पुढे करतो, आणि त्या हातात कृपादान होते हे पुष्कळदा इतरांना आधी कळते.

पहिला पुरावा याद्यांचा. रोमकरांस पत्रात (१२:६-८) संदेश देणे, सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण आणि दया अशी सात दाने आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:८-१०) नऊ आहेत, त्यांत आरोग्य देणे, अद्भुत कृत्ये, अन्य भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे ही येतात. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल पुन्हा यादी देतो, तर ती वेगळीच निघते. इफिसकरांस पत्रात (४:११) दानांच्या जागी माणसेच आहेत : प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्र तर बोलणे आणि सेवा करणे या दोनच गोष्टींवर थांबतो. एकही यादी दुसरीशी जुळत नाही. लेखकाला दानांचा पक्का तक्ता द्यायचा असता तर एका अध्यायात दोन वेगळ्या याद्या आल्या नसत्या. त्यांत बसणारे शब्दही पाहण्यासारखे आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रातील त्या दुसऱ्या यादीत (१२:२८) ‘साहाय्य’ आणि ‘व्यवस्था’ अशी दोन दाने आहेत. व्यवस्थेसाठीचा मूळ शब्द जहाजाचे सुकाणू धरण्याच्या क्रियेवरून आला आहे. म्हणजे आजारी माणसाला बरे करणाऱ्याच्या रांगेतच हिशेब ठेवणारा, कामे वाटून देणारा आणि वेळेला मदतीला धावणारा उभा आहे.

या पत्रामागचा प्रसंग लक्षात घेतला की हे अधिक स्पष्ट होते. इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास पौल करिंथच्या मंडळीला लिहीत होता. करिंथ हे रोमनांनी इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेले, व्यापारावर वाढलेले आणि मानमरातबाची हौस असलेले शहर. तिथल्या मंडळीत अन्य भाषा बोलणाऱ्यांचा भाव चढला होता. पौलाने त्या दानाला खोटे म्हटले नाही. ते आपल्यालाही आहे असेच सांगितले. पण वापरावर बंधन घातले : दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. कसोटी एकच, ऐकणाऱ्याची उभारणी होते की नाही. शरीराच्या दृष्टांतातही त्याने दुबळ्या वाटणाऱ्या अवयवांना अधिक आवश्यक ठरवले. ज्याला दान मिळाले त्याच्या समाधानाचा मुद्दा या तीन अध्यायांत (१२ ते १४) कोठेही निर्णायक ठरत नाही, आणि मधल्या तेराव्या अध्यायात तर प्रीतीवाचून सर्व दाने पोकळ ठरवली आहेत.

‘टॅलेंट’ या शब्दाने झालेला घोटाळा इथेच सोडवलेला बरा. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक धनी आपल्या दासांवर तालांत सोपवतो, त्या दृष्टांतावरून (२५:१४-३०) तो शब्द युरोपीय भाषांत ‘अंगचा गुण’ या अर्थाने रुळला. मूळ तालांत हे वजन होते आणि त्या वजनाइतका पैसा. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एकच तालांत मिळालेल्या दासाच्या हाती सुमारे वीस वर्षांची कमाई होती. त्याला थोडे मिळाले असे म्हणण्याला जागाच नाही. दृष्टांतात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचताना हमखास निसटते. धन्याने तालांत वाटले ते ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. म्हणजे कुवत आधीपासून होती आणि तालांत ही तिच्यावर सोपवलेली दुसरी गोष्ट होती. तालांत म्हणजे कुवत असा अर्थ लावला तर हे वाक्यच निरर्थक होते. दासाला जाब विचारला जातो तो विश्वासाने हाती दिलेल्या ठेवीचा. आपल्या अंगी काय आहे हे त्याने ओळखले की नाही, हा प्रश्न तिथे निघतच नाही.

मग उपजत गुण आणि कृपादान यांचा संबंध काय? काही शिक्षक या दोहोंत भिंत घालतात : गुण जन्माने मिळतात, कृपादाने विश्वास ठेवल्यानंतर. ही भिंत जुन्या करारातच टिकत नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो ते सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी. ३५ व्या अध्यायात त्याला आणि अहलियाबाला ती इतरांना शिकवण्याची बुद्धीही मिळते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) उदाहरण याहून ठळक आहे. संस्कृत त्यांना आईवडिलांकडून मिळाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तेव्हा बाप्तिस्म्याला पाच वर्षे अवकाश होता. १८८३ नंतर त्यांनी ती विद्या टाकली नाही, तिचे काम मात्र बदलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासाठी शाळा, शेती आणि छापखाना उभा राहिला. तिथल्या साध्या बायकांना कळेल असे बायबल हवे, म्हणून या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायला घेतले. भाषेची देणगी जुनीच होती. कृपादान ती झाली वाचणाऱ्या बाईची गरज समोर आल्यावर.

या विवेचनाला तीन आक्षेप येतात. पहिला प्रश्नावल्यांच्या बाजूने आहे. १९७० च्या दशकापासून अमेरिकन मंडळ्यांत आपले कृपादान ओळखण्यासाठी गुण देऊन सोडवायच्या प्रश्नावल्या प्रचारात आल्या आणि आता त्या जगभर वापरल्या जातात. दिशा न कळलेल्या तरुणाला त्यांनी विचाराला लावले तर ती सोयच म्हणायची, असे त्यांचे समर्थक सांगतात, आणि ते खोटे नाही. पण प्रश्नावली विचारते आवड आणि आजवरचा अनुभव. जे काम कधी समोर आलेच नाही त्याबद्दल ती काय सांगणार? आजारी माणसाच्या उशाशी कधी न बसलेल्याला दयेचे दान आहे की नाही, हे कागदावर कळणार नाही. रविवारच्या शाळेत पोरांपुढे उभे राहिल्याशिवाय शिकवण्याचे दान ना त्याला समजते ना मंडळीला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरज आणि पारख मंडळीच्या हाती दिली तर मंडळी चुकेल, आणि बायका, गरीब, खालचे मानले गेलेले लोक यांच्या वाट्याला केवळ झाडलोट आणि स्वयंपाक येईल. असे घडले आहे आणि घडते आहे, हे मान्यच केले पाहिजे. खुद्द रमाबाई १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली होती. शिकवण्याचे इतके उघड दान समोर असताना ते दिसू नये, ही पारखीची हार आहे. पण यावरचा उपाय पारख सोडून देणे हा नव्हे. पौलाने संदेश देणाऱ्याचे बोलणे इतरांनी पारखावे असे करिंथकरांना सांगितले (१४:२९), आणि आत्म्याला विझवू नये असेही सांगितले. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘डिडाखे’ हे पुस्तक संदेष्ट्याला त्याच्या वागण्यावरून ओळखा म्हणते : तीन दिवस ठाण मांडणारा आणि पैसे मागणारा खोटा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले की आत्मा सर्व दर्जांच्या श्रद्धावंतांना दाने देतो. पारख अधिकाऱ्यांवर सोपवली, पण आत्म्याला विझवण्याचा अधिकार त्यांना दिला नाही. मंडळी जे सोपवत नाही तेही पारखणाऱ्याला विचारता आले पाहिजे. जेमतेम अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पती ना. वा. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले. कोणत्याही यादीने ते काम त्यांच्या नावावर मांडले नसते.

तिसरा आक्षेप असा की अद्भुत दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली. क्रिसोस्तोम या धर्माचार्याला चौथ्या शतकातच करिंथकरांस पत्राच्या त्या अध्यायांतील गोष्टी अनोळखी वाटत होत्या. १९१८ मध्ये वॉरफिल्ड या अमेरिकन धर्मपंडिताने हे मत सविस्तर मांडले. त्याच सुमारास पेंटेकॉस्टल चळवळ उलट साक्ष देत होती, आणि केडगावलाही १९०५ मध्ये मोठे जागरण झाले होते. हा वाद इथे मिटवण्याची गरज नाही. दाने चालू असोत वा थांबलेली असोत, साहाय्य, दया आणि शिक्षण यांना तो लागू होत नाही, आणि रोजचे ख्रिस्ती जीवन बहुतांशी यांवरच चालते.

प्रेषितांच्या कृत्यांतील (९:३६-३९) यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, कोणत्याही यादीत नाही. ती मेली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या कृपादानाची साक्ष म्हणून लूकाने एवढेच नोंदवले आहे. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्यांचे मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे खिळे जुळवून ते छापले होते ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या स्त्रियांनी.