वाळूतला माग

मुनिसुव्रत भगवंतांच्या मूर्तीखाली कासवाचं लांछन असतं, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण कासव म्हटलं की डोळ्यांपुढे विहीर नाहीतर तळं. समुद्रातली कासवीण किनाऱ्यावर येते, शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि मागे वळूनही न बघता परत जाते, हे मला पन्नाशीत कळलं.

ते कळलं सतीश भास्करांविषयी वाचताना. मूळचे केरळचे, मद्रासच्या आय.आय.टी.त शिकायला आले आणि जीव समुद्रात अडकला. 1970 नंतरच्या त्या वर्षांत रोम्युलस व्हिटेकर यांच्या सर्पोद्यानातली मंडळी रात्री किनाऱ्यावर चालत कासवांची अंडी शोधत. भास्कर त्यांना मिळाले, आणि पुढे गुजरात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबारचे किनारे त्यांनी पायी पालथे घातले.

अभ्यास म्हणजे काय, तर वाळूतला माग वाचायचा. हिरवं कासव पुढचे दोन्ही पाय एकदम रेटतं, म्हणून त्याचा माग आपल्या रांगोळीसारखा दोन्हीकडे सारखा. ऑलिव्ह रिडले पाय आळीपाळीनं टाकतं, त्याचा माग तसा जुळत नाही. कासव न दिसताही कोण येऊन गेलं ते कळतं!

लक्षद्वीपात हिरवी कासवं ऐन पावसाळ्यात अंडी घालतात, आणि तेव्हा होड्या बंद. म्हणून 1982 साली हे गृहस्थ शिधा घेऊन मे महिन्यातच सुहेली वलियकरा या निर्मनुष्य बेटावर उतरले, ते सप्टेंबरपर्यंत. चातुर्मास एका जागी काढणं आपल्याला नवं नाही, पण मुनींभोवती अख्खा गाव असतो. इथे नुसतं पाणी.

तिथून त्यांनी पत्नीला पत्र लिहिलं आणि बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ते श्रीलंकेच्या एका कोळ्याला सापडलं. त्या भल्या माणसानं स्वतःची चिठ्ठी जोडून ते पोस्टानं पाठवलं. सगळे ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला आधी रागच आला. त्या बाईनं ते पाच महिने कसे काढले, ते कुठल्या वहीत आहे? पण अंदमान-निकोबारच्या कितीतरी किनाऱ्यांवरच्या कासवांची पहिली नोंद याच माणसाची, हेही खरं.

उतारवयात ते गोव्यात राहत, 2023 मध्ये तिथेच गेले. बेळगावहून आम्ही दर हिवाळ्यात गोव्याला जायचो. मोरजीला जाळी लावून राखलेलं घरटं दिसलं की मुलं फोटो काढायची, आणि मी म्हणायची, चला, जेवायला उशीर होतोय.